पंचेचाळिसावा दिवस : एका विद्युत ठेकेदाराच्या थकलेल्या बिलाचा प्रकरण अभ्यास

२५ नोव्हेंबर २०२३ रोजी, शनिवारी संध्याकाळी, पुण्यातील बाणेर भागातल्या एका नव्या कार्यालयात शेवटच्या डीबीचे, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या पेटीचे, झाकण बसले. ठेकेदाराने सगळे दिवे लावून पाहिले, त्यातल्या प्रत्येक एमसीबी स्विचखाली चिकटवलेल्या पट्ट्या नीट दिसतील असा डीबीचा फोटो काढला आणि ७ वाजून ४२ मिनिटांनी तो साइट इंजिनिअरला व्हॉट्सॲपवर पाठवला. ‘ओके, छान झालंय,’ एवढे उत्तर आले. त्यानंतर खाली पार्किंगमध्ये उभे राहून त्यांनी सहा कामगारांना आठवड्याची खर्ची वाटली. काम त्या दिवशी पूर्ण झाले असे मात्र कोणत्याही कागदावर कोणी लिहिले नाही, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ बहुतांशी या न लिहिलेल्या तारखेत आहे. त्या कामाच्या बिलाचा शेवटचा हप्ता १८ जून २०२४ रोजी जमा झाला.

या ठेकेदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे मी पाहतो. त्यांच्या संमतीने, त्यांचे आणि समोरच्या संस्थेचे नाव न देता, हे प्रकरण मांडत आहे.

वायरमन म्हणून सुरुवात करून त्यांनी विद्युत ठेकेदाराचा परवाना मिळवला आणि गेली एकोणीस वर्षे ते स्वतंत्रपणे कामे घेतात. वर्षाची उलाढाल ४५ ते ५० लाखांच्या घरात असते. दोन वायरमन आणि चार हेल्पर कायम त्यांच्याकडे असतात. वायरमनची रोजी ९०० रुपये आणि हेल्परची ६००, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याला २५,२०० रुपये रोख लागतात. बाणेरचे काम त्यांनी थेट मूळ कंपनीकडून घेतले नव्हते. कंपनीने संपूर्ण अंतर्गत सजावटीचे काम एका प्रायव्हेट लिमिटेड संस्थेला दिले होते आणि त्या संस्थेने त्यातले विजेचे काम यांच्याकडे सोपवले होते. पुण्यात अशी बहुतेक कामे याच साखळीतून चालतात.

वर्क ऑर्डर चार पानांची होती. किंमत १२ लाख रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, साहित्यासह, आगाऊ रक्कम काही नाही. बिलातून ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून राखून ठेवायची रक्कम, कापून ती बारा महिन्यांनी द्यायची होती. पैसे कधी मिळणार याबद्दल दोनच वाक्ये होती: ‘मोजमाप प्रमाणित झाल्यानंतर’ आणि ‘मूळ ग्राहकाकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर’. दिवसांचा आकडा कोठेच नव्हता. ठेकेदाराने ही ऑर्डर सही करण्याआधी मला दाखवली असती तर मी हरकत घेतली असती असे म्हणायला मला आवडेल, परंतु खरे सांगायचे तर असल्या अटी इतक्या नेहमीच्या झाल्या आहेत की कदाचित मीही त्यावरून नजर फिरवून पुढे गेलो असतो.

३० सप्टेंबरचे पहिले आरए बिल, म्हणजे काम चालू असतानाचे टप्प्याचे बिल, ५ लाखांचे होते. रिटेन्शन आणि १ टक्का टीडीएस वजा जाता त्याचे ५,६०,००० रुपये १० नोव्हेंबरला, नेमके धनत्रयोदशीच्या दिवशी आले. त्यातून कामगारांची दिवाळी झाली, टपकीर गल्लीतल्या साहित्य विक्रेत्याची जुनी बाकी फिटली आणि नव्या उधारीतलेही २ लाख देऊन झाले. या वेळेवर आलेल्या पैशांमुळे ठेकेदाराचा समोरच्या संस्थेवर विश्वास बसला आणि दुसऱ्या टप्प्याचे साहित्य त्यांनी बिनधास्त उचलले. थकबाकीच्या बऱ्याच प्रकरणांत मी हे पाहिले आहे: पहिले बिल वेळेवर निघते, त्या भरवशावर माणूस पुढच्या टप्प्यात आपली पत अडकवतो, आणि अडकते ते शेवटचे बिल, कारण त्यानंतर समोरच्याला ठेकेदाराकडून काहीच हवे नसते.

दुसरे आणि अखेरचे बिल ३० नोव्हेंबरचे, ७ लाखांचे होते; जीएसटीचे १,२६,००० धरून ८,२६,०००. टीडीएसचे ७,००० आणि रिटेन्शनचे ३५,००० वजा केल्यावर ७,८४,००० रुपये हातात यायला हवे होते. या टप्प्यासाठी ठेकेदाराने किती पैसे बाहेर घातले होते ते पाहिले तर प्रश्नाचे स्वरूप कळते. वायर, कन्ड्युट, स्विच आणि डीबी मिळून साहित्य जीएसटीसह ४,४८,४०० रुपयांचे होते. दिवाळीचा आठवडा वगळून सात आठवड्यांची मजुरी १,७६,४०० झाली. टेम्पो आणि भाड्याच्या अवजारांना १४,००० लागले. साहित्यावर दिलेल्या ६८,४०० रुपयांच्या कराचे क्रेडिट (आधी दिलेल्या कराची वजावट) वजा जाता जीएसटीचे ५७,६०० रुपये रोख भरायचे होते. एकूण ६,९६,४०० रुपये. म्हणजे ७,८४,००० मधले ठेकेदाराचे स्वतःचे असे केवळ ८७,६०० होते आणि बाकीची सगळी रक्कम दुसऱ्यांची होती: विक्रेत्याची, कामगारांची आणि सरकारची.

‘पैसे उशिरा मिळाले’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा जणू ठेकेदाराचा नफा काही महिने लांबला एवढाच अर्थ निघतो. प्रत्यक्षात नऊ रुपयांपैकी आठ रुपये त्याने आधीच दुसऱ्यांना दिलेले असतात किंवा द्यायचे कबूल केलेले असते, आणि ते देण्याच्या तारखा त्याच्या हातात नसतात. शनिवार दर आठवड्याला येतो. विक्रेत्याची उधारी तीस दिवसांची होती, त्यानंतर दरमहा दोन टक्के. जीएसटीचे विवरणपत्र दर महिन्याच्या २० तारखेला भरायचे असते आणि कर देय होतो तो बिल फाडल्यामुळे. पैसे मिळाले की नाही हे कायदा विचारत नाही. इतक्या उलाढालीच्या ठेकेदाराला तिमाही विवरणपत्राची सोय आहे, परंतु आपले क्रेडिट दर महिन्याला दिसले पाहिजे असा समोरच्या संस्थेचा आग्रह असल्यामुळे ते मासिक विवरणपत्र भरत होते. परिणामी २० डिसेंबरला ठेकेदाराने न मिळालेल्या पैशांवरचा कर मेहुण्यांकडून ६० हजार हातउसने घेऊन भरला, आणि ज्या संस्थेने एक रुपयाही दिला नव्हता तिला त्याच बिलावरचे १,२६,००० रुपयांचे क्रेडिट त्याच महिन्यात वापरता आले.

डिसेंबर आणि जानेवारीत ठेकेदार त्या संस्थेच्या कार्यालयात अकरा वेळा गेले. मोजमापाच्या शीटवर सही राहिली आहे, मोठे साहेब बाहेरगावी आहेत, पेमेंट रन पुढच्या शुक्रवारी आहे, मूळ कंपनीचेच पैसे अडकले आहेत, अशी कारणे मिळत गेली. यातले शेवटचे कारण खोटे असेलच असे मी म्हणत नाही. मधली संस्थाही कदाचित थांबलेली होती. परंतु तिच्याकडे बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तेव्हा कर्ज उचलण्याची सोय, होती, ठेकेदाराकडे नव्हती. साखळीत वरून आलेला उशीर एकेक पायरी खाली ढकलला जातो आणि जिथे पत सर्वांत कमी आहे तिथे येऊन तो थांबतो, कारण तिथून पुढे तो ढकलायला कोणी उरलेले नसते. हेल्परला ‘मूळ ग्राहकाकडून रक्कम आल्यावर खर्ची देतो’ असे सांगता येत नाही. जानेवारीत दोन शनिवारी ठेकेदाराला निम्मीच खर्ची देता आली. तिसऱ्या सोमवारी दोनपैकी एक वायरमन आला नाही. तो नऊ वर्षे त्यांच्याकडे होता.

१० जानेवारीला घरातल्या पाटल्या आणि मंगळसूत्र एका पतसंस्थेत ठेवून १३ टक्के दराने दीड लाखाचे सोनेतारण कर्ज काढले आणि ते सगळेच्या सगळे विक्रेत्याला दिले. त्यानंतरही ९८,४०० बाकी राहिले. विक्रेत्याने वाईट शब्द काढला नाही, मात्र पुढच्या मालाला ‘या वेळी रोखीत घ्या’ असे सांगितले.

दरम्यान २२ डिसेंबरला समोरून एक ईमेल आली होती. त्यात नऊ त्रुटींची यादी होती आणि त्या दूर झाल्याशिवाय बिल प्रमाणित होणार नाही असे कळवले होते. नऊपैकी सहा बाबी विजेच्या कामाशी संबंधितच नव्हत्या; एसीचे पाणी जाणारी नळी गळते आणि फॉल्स सीलिंगवर डाग आहेत अशा त्या होत्या. उरलेल्या तीन ठेकेदाराने दोन दिवसांत दुरुस्त करून दिल्या. मूळ कंपनीचे कर्मचारी तर ४ डिसेंबरपासूनच त्या कार्यालयात बसून काम करत होते.

ठेकेदार हा सगळा कागदोपत्री गुंता घेऊन माझ्याकडे आले ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. तोवर मला फक्त ‘पेमेंट लांबलंय’ एवढेच माहीत होते. त्यांच्या मोबाइलमधला डीबीचा तो फोटो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला आणि त्याखालच्या उत्तराने मला थोडा धीर आला.

याचे कारण २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला द्यायची रक्कम लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, आणि करारात काहीही लिहिले असले तरी माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावी लागते. करारच नसेल तर मुदत पंधरा दिवसांची असते. स्वीकृती कधी झाली हे समोरच्याच्या मर्जीवर सोडलेले नाही: सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी सेवा दिली तोच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. काम २५ नोव्हेंबरला संपले, हरकतीची मुदत १० डिसेंबरला संपली आणि त्रुटींची यादी आली २२ डिसेंबरला. म्हणून ठेकेदाराला अनुकूल असे टोकाचे वाचन न करताही, ४५ वा दिवस ९ जानेवारी २०२४ हा येतो. त्यानंतर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. त्या काळात बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. ‘मूळ ग्राहकाकडून पैसे आल्यावर’ ही अट या कायद्यापुढे टिकत नाही.

कागदावर हे भक्कम दिसते. प्रत्यक्षात दोन अडचणी होत्या आणि त्यांतली एक आमची स्वतःची होती. ठेकेदाराने २०२१ मध्येच उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, केली होती, ही मोठी जमेची बाजू. कारण महाकाली फूड्स प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करारानंतर केलेल्या नोंदणीचा फायदा मागील व्यवहाराला मिळणार नाही असे म्हटले होते. परंतु तो नोंदणी क्रमांक त्यांच्या बिलावर छापलेलाच नव्हता. समोरच्या संस्थेच्या खात्यांत ते एक साधे पुरवठादार होते. बिलाचा नमुना मी पाहिलेला होता आणि ही ओळ घालायची आठवण मी करून द्यायला हवी होती.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. साहित्य आणि मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटाला, म्हणजे ज्याला वर्क्स कॉन्ट्रॅक्ट म्हणतात त्याला, हा कायदा लागू होत नाही अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयासह काही न्यायालयांनी घेतलेली आहे. आमच्या वकिलांनी स्पष्ट सांगितले की या कायद्याखाली असे वाद सोडवणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज केला तर समोरचा पहिला मुद्दा हाच मांडेल. परिषदेने नव्वद दिवसांत निर्णय द्यावा असे कायदा म्हणतो आणि निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, हे खरे. पण निवाड्यापर्यंत पोहोचायला लागणारा काळ दर शनिवारी खर्ची वाटणाऱ्या माणसाला परवडतोच असे नाही. ज्या ठेकेदाराला या कायद्याची सर्वाधिक गरज आहे त्याचे बहुतेक काम साहित्यासह असते, आणि नेमके तेच दाराबाहेर राहण्याचा धोका असतो. इमारतीच्या क्षेत्रात छोटी कामे करणाऱ्या हजारो लोकांच्या दृष्टीने हा अन्याय आहे असे माझे मत आहे, आणि कायद्यात एका ओळीची स्पष्टता आणून तो दूर करता येण्याजोगा आहे.

म्हणून आम्ही परिषदेकडे न जाता पत्र लिहिले. १२ फेब्रुवारीला रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने गेलेल्या त्या पत्रात गाऱ्हाणे एका ओळीचेही नव्हते. काम पूर्ण झाल्याची तारीख, फोटो आणि त्यावरचे उत्तर, ४ डिसेंबरपासूनचा प्रत्यक्ष वापर, उद्यम प्रमाणपत्राची प्रत, ४५ व्या दिवसाची तारीख, आणि शेवटी १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) चा उल्लेख. हे कलम २०२३ च्या वित्त कायद्याने आले आणि २०२३-२४ हे त्याच्या अंमलाचे पहिलेच आर्थिक वर्ष होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची रक्कम कलम १५ ची मुदत उलटूनही ३१ मार्चला थकलेली असेल, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही. तो प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी वजा होतो. २५ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीसाठी ७ लाखांच्या खर्चावर याचा अर्थ अधिभार सोडूनही पावणेदोन लाखांचा कर आधी भरणे, असा होतो.

पत्र पोहोचल्यावर दोन दिवसांनी खरेदी विभागातून फोन आला. ‘कायद्याची भाषा करायची असेल तर पुढच्या कामांचं आम्हाला बघावं लागेल,’ असे ठेकेदाराला ऐकवण्यात आले. ते त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन बराच वेळ बसले होते. पत्र मागे घेऊ का, असे त्यांनी दोनदा विचारले. मी त्यांना सल्ला देऊ शकत होतो, पण पुढचे काम देऊ शकत नव्हतो, आणि ही गोष्ट आम्हा दोघांनाही कळत होती. शेवटी त्यांनी पत्र राहू दिले.

२६ मार्चला त्याच संस्थेच्या लेखा विभागाची ईमेल आली, आणि तिचा सूर पूर्ण वेगळा होता: उद्यम प्रमाणपत्राची स्वच्छ प्रत आणि ३१ मार्चच्या बाकीची पुष्टी कृपया पाठवावी. त्यांच्या लेखापरीक्षकाने सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची यादी मागितली होती. वर्क्स कॉन्ट्रॅक्टच्या वादात शिरण्यापेक्षा त्याने सावध बाजू घेतलेली दिसत होती. २८ मार्चला ५ लाख रुपये जमा झाले. चार महिने मोजमापावर सही होत नव्हती, ती आता होण्याची गरजही पडली नाही.

उरलेले २,८४,००० ‘वादग्रस्त’ म्हणून ठेवले गेले. एप्रिलमध्ये सीलिंगच्या दुरुस्तीपोटी १८,५०० रुपयांची डेबिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून कापत असल्याची चिठ्ठी, आली, जी आजही मला मान्य नाही. मे महिन्याच्या २० तारखेला आम्ही दुसरे पत्र पाठवले, या वेळी जीएसटीबद्दल. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला घेतलेले क्रेडिट त्या प्रमाणात व्याजासह उलटवावे लागते. ३० नोव्हेंबरच्या बिलाचे १८० दिवस २८ मे रोजी पूर्ण होत होते. १८ जूनला डेबिट नोट वजा करून २,६५,५०० आले.

बिलाचे पैसे मिळाले ते दोन्ही वेळा समोरच्याच्या एखाद्या तारखेमुळे मिळाले, एकदा ३१ मार्चमुळे आणि एकदा १८० व्या दिवसामुळे. सोने गहाण पडल्याचे ठेकेदाराने डिसेंबर-जानेवारीच्या अकरा फेऱ्यांनंतर एकदा तिथे सांगितलेही होते. त्याचा काही उपयोग झाला नव्हता. मी त्या कार्यालयातल्या माणसांना निर्दयी म्हणणार नाही. त्यांच्या संगणकावर ते एक येणे-देणे होते आणि उशिराची किंमत त्यांच्या कोणत्याच रकान्यात दिसत नव्हती. ती दिसू लागली त्या दिवशी पैसे निघाले. म्हणूनच ४३बी(एच) ची मर्यादाही या प्रकरणात उघड होते: हे कलम केवळ मार्चअखेर चावते. हेच काम एप्रिलमध्ये संपले असते आणि पैसे अकरा महिन्यांनी, पण त्याच आर्थिक वर्षात दिले असते, तर संस्थेला आयकराचा काहीच भुर्दंड पडला नसता.

नुकसान किती झाले? कलम १६ प्रमाणे मागता आले असते असे व्याज ९ जानेवारीनंतरच्या काळाचे धरून ४९ हजारांच्या आसपास जाते. ते मागितले नाही. सोनेतारणाचे व्याज ८,६०० रुपये, विक्रेत्याचे ५,९०० आणि डेबिट नोटचे १८,५०० हे खात्यात दिसतात. जे खात्यात दिसत नाही ते याहून मोठे आहे. फेब्रुवारीत कोथरूडच्या एका गृहनिर्माण सोसायटीचे जिन्यांचे आणि पार्किंगचे रीवायरिंग त्यांना मिळत होते, साडेतीन लाखांचे, आणि सोसायटी काम संपताच चेक देणारी होती. परंतु साहित्य आधी घालावे लागणार होते. विक्रेता रोख मागत होता आणि हातात रोख नव्हती. त्यांनी ते काम सोडले. त्यात साठेक हजार त्यांना सुटले असते. न घेतलेल्या कामाची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही, म्हणून थकबाकीची खरी किंमत हिशेब तपासणाऱ्यालाही सहसा कळत नाही. निघून गेलेल्या वायरमनची किंमत तर मला मांडताच येत नाही.

आता त्यांच्या बिलावर उद्यम क्रमांक ठळक अक्षरात असतो. मोठ्या कामांत साहित्य ग्राहकाने थेट विकत घ्यावे आणि आपण केवळ मजुरीचे काम करावे असा त्यांचा प्रयत्न असतो. त्यात साहित्यावरचा थोडा नफा जातो, पण अडकणारी रक्कम निम्म्याहून कमी होते आणि सेवा म्हणून कायद्याचे संरक्षणही अधिक निर्विवाद राहते. खिशात कार्बनची एक लहान वही असते. काम संपले की त्यावर जागा, तारीख आणि ‘काम पूर्ण, चालू करून दाखवले’ एवढे लिहून ते साइट इंजिनिअरची सही घेतात. काही जण सही करतात, काही टाळतात. टाळली तर त्याच संध्याकाळी तोच मजकूर फोटोसह ईमेलने जातो आणि सोळाव्या दिवशी, हरकत आलेली नसेल तर, तसे कळवणारी दुसरी ईमेल जाते. दुसरी ईमेल मी लिहून देतो.

बाणेरच्या कामाचे दोन्ही बिलांतले मिळून ६०,००० रुपयांचे रिटेन्शन २५ नोव्हेंबर २०२४ रोजी देय झाले. त्याचे मागणीपत्र दुसऱ्या दिवशी रवाना झाले. पोचपावती फाइलमध्ये आहे, पैसे अजून आलेले नाहीत, आणि दावा दाखल करण्याची तीन वर्षांची मुदत नोव्हेंबर २०२७ मध्ये संपते हे त्यांनी त्याच कार्बनच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.